सायकलच्या दुकानातून निघालेला नांगर

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो विहिरीवरचा पंप. थोड्या जुन्या मंडळींना लोखंडी नांगर आठवेल, आणि आमच्या घरातल्या वाचणाऱ्या आत्या-मावश्यांना 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं. पण या सगळ्याच्या आधी होतं एक सायकलचं दुकान. शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींत उरकतात: लक्ष्मणरावांनी सायकलचं दुकान काढलं, मग नांगर केला, मग किर्लोस्करवाडी वसवली. म्हणजे सायकल ही नुसती पहिली पायरी, पाय ठेवला आणि पुढे गेलो. मला मात्र वाटतं की खरी शाळा तीच होती. पुढचं सगळं त्या शाळेत शिकलेल्या माणसाने केलं.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की रंगांमधला फरक डोळ्यांना नीट कळत नाही. रंग सुटले, पण यंत्रांचं ड्रॉइंग हातात राहिलं, आणि त्याच्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. त्याच काळात सायकलने त्यांना पकडलं. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले भाऊ रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे, चालवायला शिकवायचे, दुरुस्त करायचे. किर्लोस्कर समूह आपला जन्म या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून मोजतो. पुढे बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावलाच आले. बेळगावात किर्लोस्कर रोड अजून आहे.

आता जरा १८८८ साल डोळ्यांपुढे आणा. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, अशी आपण ओळखतो ती सायकल इंग्लंडमध्ये स्टार्लीच्या 'रोव्हर'मुळे १८८५ नंतर रुळली. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्येच. त्याआधी चाकांवर भरीव रबर असायचं, तेव्हा पंक्चर ही भानगडच नव्हती! म्हणजे हे जेमतेम तीन वर्षांचं यंत्र. गावात लोहार होते, सुतार होते, पण सायकलचा मिस्त्री कुठून असणार? एखादा कोन झिजला किंवा चेन तुटली तर सुटा भाग बोटीने येणार. असं यंत्र जो विकेल त्यालाच ते उघडावं लागणार, आणि उघडून पुन्हा जोडायला शिकावं लागणार. शिकवायला कोणी नाही. सगळ्या अर्थाने हौशी माणसाचं काम.

आणि सायकल ही या कामासाठी फार भली वस्तू आहे. ती काही लपवून ठेवत नाही. घड्याळ उघडलं तर आतलं कळायला भिंग लागतं, इंजिन उघडायचं तर धाडस लागतं. सायकलचं सगळं अंग बाहेर. साध्या काळ्या सायकलचं उदाहरण घ्या. पुढे ४८ दातांचं चक्र, मागे १८ दातांचं फ्रीव्हील. पॅडल एकदा फिरवलं की मागचं चाक अडीच फेऱ्यांहून जास्त फिरतं आणि २८ इंची चाकाची सायकल जवळजवळ सहा मीटर पुढे जाते. हा हिशेब पोराला खडूने जमिनीवर खूण करून दाखवता येतो. चाक तारांवर 'उभं' नसतं, तारांच्या ताणावर पेललेलं असतं, हे चाकाचा आऊट काढताना बोटांना कळतं. डाव्या पॅडलला उलटे आटे का, याचं उत्तर शोधताना निम्मं यंत्रशास्त्र शिकून होतं. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. मधली जागा हातालाच सापडते, पुस्तकात सापडत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत डेटन गावात राईट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ मध्ये विमान उडवलं. बोहेमियात व्हाक्लाव क्लेमेंट नावाच्या पुस्तकविक्रेत्याने आपल्या सायकलच्या दुरुस्तीबद्दल जर्मन कंपनीला चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर आलं की आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. गडी चिडला, आणि लॉरिन नावाच्या मेकॅनिकला घेऊन १८९५ मध्ये स्वतःच सायकली दुरुस्त करायला आणि बनवायला लागला. त्याच कारखान्याची पुढे स्कोडा मोटार झाली. यातल्या कोणाला मोठ्या कॉलेजाने घडवलेलं नव्हतं. हाताशी एक उघडं यंत्र होतं, आणि ते दुरुस्त करून देणारं दुसरं कोणी नव्हतं.

राईट बंधू उडाले त्याच १९०३ साली लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर तयार झाला. त्याआधी कडबा कापायचं यंत्र झालं होतं. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा समज होता, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. मला या दोन वर्षांत सायकलचं दुकान दिसतं. नवं यंत्र विकायचं तर माणसाच्या मनातली त्याची भीती आधी घालवावी लागते, हे ज्याने लोकांना सायकलवर बसायला शिकवलं त्याला वेगळं सांगायला नको. नांगराचं कुळही सायकलचंच. सगळं समोर दिसणारं, नटबोल्टवर जोडलेलं. फाळ झिजला की शेतकऱ्याने बांधावर बसून पान्याने बदलायचा.

इथून गोष्ट आपल्या भागात येते. गावाच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणराव बिऱ्हाडासकट अडचणीत आले. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंध आज सातारा जिल्ह्यात, पण संस्थान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. त्यातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन त्यांनी दिली, वर बिनव्याजी कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांचा माळ. १० मार्च १९१० ला तिथे वस्ती झाली. पुढे स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, म्हणून किर्लोस्करवाडी आज सांगलीची. कर्मवीर भाऊराव पाटील एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरत होते, आणि साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा नांगराचा कारखाना उभा राहण्यातही त्यांचा हात होता. रयतेची शाळा आणि रयतेचा नांगर एकाच माणसाच्या पायाला बांधलेले होते, हे मला फार आवडतं.

कारखाने मोठे झाले, पण ती पहिली शाळा घरोघर चालू राहिली. आमच्या सांगलीच्या आजोबांचा शिरस्ता होता: खंडेनवमीच्या आदल्या रविवारी सायकलचं ओव्हरहॉलिंग. अंगणात पोतं अंथरायचं, सायकल उलटी करायची, चेन रॉकेलच्या डब्यात बुडवायची, छर्रे एका वाटीत मोजून काढायचे. आम्हा नातवंडांना काम एकच, छर्रे पुसायचे आणि एकही हरवायचा नाही. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा कॉटर, चेन, फ्रीव्हील त्या सायकलला बसायचं, त्यामुळे सुट्या भागाला अडत नसे. नवमीला पान्याला आणि सायकलला झेंडूची माळ. पूजा करायची ती स्वतः साफ केलेल्या हत्याराची, असं ते म्हणायचे. पोस्टात कारकून होते, कारखान्याशी काही संबंध नाही. पण घरातला मिक्सर असो की शिवणयंत्र, आधी उघडून बघायचं, मग दुकानात न्यायचं, हा त्यांचा नियम सायकलनेच घातलेला होता.

आताच्या सायकली हलक्या, सुंदर, आणि ब्रेक तर काय लागतात! तक्रार करण्यात अर्थ नाही. पण बेअरिंग बंद डबीत, ब्रेकमध्ये तेल, आणि प्रत्येक नटाला वेगळं हत्यार. फोन तर उघडायचाच नाही अशा बेताने चिकटवलेला. मुलांच्या हातातून काय निसटतंय ते पैशात मोजता येत नाही. पंक्चरचे पैसे वाचतात म्हणून कोणी स्वतः पंक्चर काढू नये, तो घाट्याचा हिशेब आहे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली आणि बुडबुडा कुठून येतो ते स्वतः शोधलं, की एक गोष्ट कायमची कळते: बिघाडाला जागा असते, आणि ती सापडते. लक्ष्मणरावांनी बेळगावात मिळवलेलं भांडवल मला हेच वाटतं.

तुमच्या घरात पाना कोणाच्या हातात असायचा? बाबांच्या, काकांच्या, की एखाद्या आजीच्या? असेल आठवण तर जरूर सांगा. आणि माळ्यावर जुनी सायकल पडली असेल तर भंगारात देण्याआधी घरातल्या पोरांना एकदा ती उघडू द्या. छर्रे मात्र मोजून ठेवायला सांगा.