काक्षीचा मुहूर्त

पंचांगांच्या या पुण्यात आकाशाला तारीख विचारण्याची सवय जुनी आहे, आणि ग्रहांच्या बाबतीत आकाश ती मिनिटासह सांगतेही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होणार हे आधीच ठाऊक होते. म्हणूनच पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेळेवर पोहोचू शकले. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावी उतरली होती.

या सवयीला २०१९च्या अखेरीस धक्का बसला. मृग तारकासमूहातील तांबूस काक्षी, जिला अनेक अभ्यासक आर्द्रा नक्षत्राचा तारा मानतात, मंदावू लागली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिचे तेज नेहमीच्या साधारण एक तृतीयांशावर आले. हा महाराक्षसी तारा आता फुटणार, अशी चर्चा जगभर झाली. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ बनून ती आड आली होती. पुढे तेज पूर्ववत झाले. स्फोट कधी, या प्रश्नाला शास्त्रज्ञांचे उत्तर राहिले ते असे : बहुधा सुमारे एक लाख वर्षांत.

हे उत्तर ऐकून हसू येते. पण ही अज्ञानाची कबुली नव्हे. ग्रहणात गणित असते ते डोळ्यांना दिसणाऱ्या गतीचे, आणि ती गती पुनःपुन्हा घडते. ताऱ्याचा मृत्यू एकदाच घडतो आणि त्याची तयारी गाभ्यात चालते. तेथे कार्बन जळण्यास शेकडो वर्षे लागतात, सिलिकॉन मात्र काही दिवसांतच संपते. विशाल बाह्य आवरणाला त्याची वार्ता फारशी लागत नाही. आपल्याला दिसते ते केवळ आवरण.

गाभ्याची खबर देतात ते न्यूट्रिनो. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील एका ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी पृथ्वीवर आले. त्यांची नोंद झाली. परंतु ती वाचली गेली प्रकाश दिसल्यानंतर. शिवाय फुटलेला तारा निळा निघाला, तर बहुतेकांची अपेक्षा तांबड्याची होती. आज असा इशारा तत्काळ देणारी व्यवस्था आहे. तरीही तो इशारा मिळणार तासांचा, फार तर जवळच्या ताऱ्यासाठी काही दिवसांचा.

म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाविषयीचे आपले बहुतेक ज्ञान भविष्यकथन नसून इतिहासलेखन आहे, आणि त्यात पुण्याने दोन वाटांनी भर घातली. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या ग्रंथांत अतिनवताऱ्यांचे उल्लेख शोधले; त्यांचा लेख २००१ साली प्रसिद्ध झाला. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी जो पाहुणा तारा टिपून ठेवला, ज्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून दिसतात, त्याचा निर्विवाद उल्लेख मात्र हाती आला नाही. दुसरी वाट नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची. तिच्या ३० अँटेनांनी १९९३ साली फुटलेल्या एका ताऱ्याचे रेडिओतरंग पुढे अनेक वर्षे टिपले. स्फोटाची लाट ताऱ्याने पूर्वी सोडलेल्या द्रव्यावर आदळली की हे तरंग उमटतात. त्यांवरून मरणापूर्वी त्याने काय व किती टाकले याचा अंदाज बांधता येतो. दोन्ही वाटांवर काम एकच : मागे राहिलेल्या खुणांवरून घडून गेलेले वाचणे.

अशा वाचनाला आधी नोंद लागते. २०१९चे मंदावणे वेळीच ध्यानात आले, ते काक्षीचे तेज वर्षानुवर्षे मोजून ठेवणाऱ्या निरीक्षकांमुळे. १०५४मध्ये आपल्याकडेही कोणी तो तारा पाहिला असेलच. त्याने लिहिले नाही, किंवा लिहिलेले उरले नाही. काक्षीचा मुहूर्त आपल्याला काढता येणार नाही. हिवाळ्यातील रात्री तिच्याकडे पाहून तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.