कुमार कुस्ती : दडपण व मनाची तयारी

साधारण दहा ते वीस वर्षे वयाच्या मल्लांवर कुस्तीआधी, कुस्तीत आणि हरल्यानंतर येणारे दडपण, तसेच ते पेलण्यासाठी तालमीत व मॅटवर दिले जाणारे शिक्षण. प्रस्तुत नोंदीत पश्चिम महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूरच्या, तालीम परंपरेचा विचार प्रामुख्याने केला आहे.

जुने उल्लेख : चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील मल्लविनोद प्रकरणात मल्लांची प्रतवारी आढळते. ज्येष्ठीमल्ल या मल्ल-समाजाचे मल्लपुराण १९६४ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. त्यात आहार, ऋतुमान व व्यायाम यांचे विवेचन आहे.

जोड : राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींत खेड्यापाड्यांतली पोरे येऊन राहू लागली. या तालमींत मानसिक प्रशिक्षण असा वेगळा विषय कधीच नव्हता. ते काम जोड लावण्यातून, म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी हे ठरवण्यातून, होत असे. जत्रेच्या मैदानात दुपारी रेवड्या-खोबऱ्यावर लहान पोरांच्या कुस्त्या सुटतात, मग इनाम चढत जाते आणि मोठी कुस्ती दिवस कलताना लागते. या चढणीवर कोणत्या पोराला कुठे उभे करायचे, हे वस्ताद (तालमीचा गुरू) ठरवतो. वजनकाटा नसतो. उंची, काठी, मान, मागच्या मैदानातला दम आणि मागची हार, एवढ्यावर नजरेने जोड बसते. नुकत्याच पडलेल्या पोराला जाणता वस्ताद लगेच वरचढ जोड देत नाही. फार हलकीही देत नाही, कारण हलकी जोड मैदानाला कळते आणि सर्वांत आधी त्या पोराला कळते. थोडी जड जोड, जी सुटेल पण घाम काढील, ती खरी. आत्मविश्वास टप्प्याटप्प्याने कसा वाढवावा याचे इतके बारीक शास्त्र तालमीबाहेर क्वचितच सापडते. दुर्दैवाने त्याची लेखी नोंद जवळजवळ झाली नाही आणि अनेक वस्तादांबरोबर ते संपले.

रोजच्या लढतीतही हेच तत्त्व असते. थोरला पैलवान धाकट्याला अंगावर घेतो, त्याचा पट किंवा ढाक हा डाव पुरता बसू देतो, मग त्या डावाची तोड दाखवतो. मातीच्या पाया पडणे, सलामी, शड्डू (मांडीवर थाप मारणे) आणि खडाखडी (हातांनी एकमेकांचा अंदाज घेणे) हा ठरलेला क्रमही मन स्थिर करतो.

मॅटवरील बदल : मॅटवरच्या स्पर्धेत १७ वर्षांखालील गटात २ मिनिटांच्या दोन फेऱ्या, २० वर्षांखालील गटात ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी होताच कुस्ती संपते. मातीवरच्या निकाली (चीतपट होईपर्यंतच्या) कुस्तीत पहिली भीती खडाखडीत विरघळायला वेळ मिळे; मॅटवर पहिल्या अर्ध्या मिनिटातल्या बुजरेपणाची किंमत फलकावर दिसते. बचावात राहणाऱ्याला ताकीद मिळते आणि पुढे प्रतिस्पर्ध्याला गुणही जातो. मातीवर वाढलेला मुलगा प्रथम मॅटवर उतरतो तेव्हा त्याची ताकद कमी पडत नाही, घड्याळ त्याला घाबरवते.

संशोधन : कुमार मल्लांच्या ताणाचा सर्वाधिक परिचित अभ्यास अमेरिकेतला आहे. डॅनियल गूल्ड, थेल्मा हॉर्न व जेनी स्प्रीमन यांनी ४५८ निवडक कुमार मल्लांना ताणाची कारणे विचारली व निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या कुवतीप्रमाणे खेळ होईल की नाही आणि मागच्यापेक्षा सुधारणा होईल की नाही, या चिंता यादीत अग्रभागी होत्या. अपयशाची भीती व स्वतः अपुरे असल्याची भावना हा कारणांचा एक ठळक गट निघाला. गूल्ड, एकलंड व जॅक्सन यांनी १९८८ च्या अमेरिकी ऑलिंपिक संघातील मल्लांच्या मुलाखती घेतल्या (प्रसिद्धी १९९२). सर्वोत्तम कुस्तीपूर्वी मल्ल आपल्या ठरलेल्या तयारीला धरून, एकाग्र व विश्वासाने उतरले होते. सर्वांत वाईट कुस्तीपूर्वी ती तयारी सुटली होती आणि मनात भलतेच विचार होते. ऑलिंपिक मल्ल व कुमार यांत अंतर असले, तरी ठरलेल्या क्रमाचे महत्त्व दोघांनाही लागू पडते. सलामी-शड्डूचा क्रम मॅटवर गळाला, पण त्याच्या जागी दुसरा क्रम मुलाला दिला गेला नाही, ही उणीव गंभीर आहे. श्वास संथ करणे, पहिला डाव मनात दोनदा खेळणे आणि कोपऱ्यातून एकच सूचना ऐकणे, एवढेही पुरते.

वजन : वजनगटात बसण्याचेही दडपण असते. १९९७ च्या अखेरीस वजन तोडताना (झटपट घटवताना) अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले आणि तेथील नियम कडक झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी भारताची विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. वाढत्या वयातल्या मुलाचे पाणी तोडणे याला कणखरपणाचे शिक्षण म्हणता येणार नाही.

घर व खुराक : दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकरी घराला पेलवत नाही, त्यासाठी कर्ज काढावे लागते. या कर्जाची जाणीव मुलाच्या डोक्यावर असते आणि हार म्हणजे कर्ज बुडाले, असे त्याला वाटते. मल्ल खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिक वारीसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिल्याचे सांगितले जाते.

हार : खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले व चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता पुढच्या कुस्तीला बोलावले आणि तक्रार करायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे वृत्तान्त आहेत. ते तेव्हा २६ वर्षांचे होते. सोळा वर्षांच्या मुलामागे त्या क्षणी कोणी नसेल तर काय होईल, याचा विचार प्रत्येक संघटनेने करावा. २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद होऊन दोन मल्लांवर कारवाई झाली. निर्णयाविषयी मतभेद आहेत. तथापि असे प्रसंग कुमार मल्ल गॅलरीत बसून पाहतात. पराभवानंतर मुलाला चारचौघांत बोलणे अनेक ठिकाणी अजून चालते. ते थांबले पाहिजे.

ब्रह्मचर्य : तालमीत लंगोटाच्या, म्हणजे ब्रह्मचर्याच्या, शिस्तीला मनोबलाचा पाया मानतात. अभ्यासक जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवरील ग्रंथात (१९९२) या कल्पनेची चर्चा केली आहे. तिच्या परिणामांविषयी मतैक्य नाही.

मुली : मुलीही आता स्पर्धेच्या कुस्तीत उतरतात; २०२३ मध्ये सांगली येथे महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.