मताची अट, पदवीची अट

राज्यशास्त्र घेऊन मी बी.ए. झालो, पण कॉलेजच्या वर्गात कधी बसलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वडूजच्या पेठेत वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांना दम्यानं घेरलं आणि मशीन माझ्याकडं आलं. पुढं काही वर्षांनी पेपरात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाविषयी वाचलं. वय अठरा पूर्ण आणि मराठी लिहितावाचता येणं, एवढीच पात्रता. बारावीचं सर्टिफिकेट नको. आधी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम, त्याची परीक्षा, मग बी.ए.ला प्रवेश.

घरबसल्या पदवी ही कल्पना तशी नवी नव्हती. दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण १९६२ साली सुरू केलं होतं. आंध्रात १९८२ ला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ ला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. महाराष्ट्राचं आलं १९८९ च्या जुलैत, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. योगायोग असा की त्याच वर्षी मार्चमध्ये मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं ते यशवंतराव देवराष्ट्र्यात जन्मले, कऱ्हाडात वाढले. १९३८ साली इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, त्यासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम कॉलेजात जावं लागलं. मला नुसतं दुकानाच्या मागच्या खोलीत जावं लागलं.

पुस्तकं अशी लिहिलेली होती की शिकवणारा समोर नाही, हे लिहिणाऱ्यानं धरूनच ठेवलेलं. धड्याला ‘घटक’ म्हणायचं. घटक छोटा, मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा. एका घटकाला एक लेंगा, असा माझा हिशेब असे. लेंगा शिवून झाला की घटक हातात. रविवारी संपर्कसत्र, तिथं शिकवणाऱ्याला म्हणायचं ‘समंत्रक’. हा शब्द आमच्या गिऱ्हाइकांना फार आवडायचा, त्यांना तो मांत्रिकाच्या जवळचा वाटे.

सार्वभौमत्व, सामाजिक करार, विकेंद्रीकरण हे शब्द वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की या शास्त्राचा एक मोठा प्रयोग आमच्या खटाव तालुक्यातच होऊन गेला आहे. तो म्हणजे औंधचा.

औंधचं नाव निघालं की लोकांना यमाईचा डोंगर आणि तिथलं चित्रसंग्रहालय आठवतं, फार तर सूर्यनमस्कार. पण राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपल्या देशात क्वचितच कुणा राजानं केली. आपली सत्ता त्यांनी स्वतःहून लोकांकडं सोपवली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेत शिकून आलेले. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर गांधीजींच्या नादानं खादीधारी होऊन औंधात राहिलेले. या मंडळींनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला आणि १९३९ च्या जानेवारीत औंध संस्थानाला राज्यघटना मिळाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती आणि तालुक्यातून विधिमंडळ. सत्तरएक गावांचं संस्थान, तेही सलग नाही. औंध इथं, आटपाडी तिकडं, कुंडल आणखी तिसरीकडं. भारताचं प्रजासत्ताक व्हायला अजून अकरा वर्षं होती.

त्या घटनेत गांधीजींच्या आग्रहावरून मतदाराला एक अट आली. मत हवं तर लिहितावाचता आलं पाहिजे.

हे वाचल्यावर मी ते अम्माला सांगितलं. अम्मा शाळेत गेलेली नव्हती, पण मतदान तिनं एकदाही चुकवलं नाही. चिन्ह बघायची, शिक्का मारायची आणि कुणाला मारला ते वडिलांनाही सांगायची नाही. ती म्हणाली, “म्हणजे मी त्या राजाच्या गावात असते तर घरीच बसले असते.” आणि ज्वारी निवडायला लागली.

माझं मत तिच्या बाजूनं आहे, तरी औंधवाल्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. त्यांनी अट घातली तशी प्रौढांना अक्षरं शिकवण्याची मोहीमही हाती घेतली. अटीचा भार प्रजेइतकाच राजावर होता. लोक निरक्षर राहिले तर घटनाच लंगडी पडणार, हे उघड होतं. आणि शिक्षणाचं वेड त्या गावाला तसंही होतंच. पंडित सातवळेकर १९१८ पासून तीसेक वर्षं औंधातच राहिले. तिथं त्यांचं स्वाध्याय मंडळ होतं आणि गुरूशिवाय, घरच्या घरी संस्कृत शिकवणारी त्यांची पुस्तकं टपालानं देशभर जात. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘संस्कृत स्वयं-शिक्षक’. मुक्त विद्यापीठाचं जुनं बी शोधायचं झालं तर मी औंधच्या टपाल कचेरीपासून सुरुवात करीन.

याउलट मत डॉ. आंबेडकरांचं होतं. त्यांचंही बालपण साताऱ्यात गेलेलं. १९१९ साली साउथबरो समितीपुढं साक्ष देताना राज्यकारभारातला सहभाग हेच शिक्षण असतं, अशी भूमिका त्यांनी मांडली, आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढं सर्व प्रौढांना मताचा अधिकार मागितला. आधी शहाणे व्हा आणि मग मत घ्या, हा क्रम त्यांना मान्य नव्हता.

आता वडूज. वडूज औंधात नव्हतं, इंग्रजी मुलखात होतं. तिथं मत मिळायचं ते शेतसारा, मालमत्ता नाही तर शिक्षण दाखवून. ९ सप्टेंबर १९४२ ला परशुराम घार्गे यांच्या पुढारपणाखाली लोक तिरंगा घेऊन वडूजच्या मामलेदार कचेरीवर चालून आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मे झाले. त्या मोर्चात शेतकरी होते, मजूर होते. मतदार यादीत नाव नसलेलेच त्यात जास्त असणार. राज्य कुणाचं असावं, हा राज्यशास्त्राचा पहिला प्रश्न. तो विचारायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. पुढं प्रतिसरकार आलं, त्याची न्यायमंडळं गावोगाव बसली, कुंडल त्याचं ठाणं झालं. ते कुंडल औंध संस्थानातलं, हेही विसरू नये.

१९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग थांबला. १९५० च्या घटनेनं अम्माच्या बाजूनं निकाल दिला. १९५१ च्या जनगणनेत शंभरात अठरा माणसं साक्षर होती, तरीही सगळ्या प्रौढांना मत. वाचता येत नाही तर चिन्हं द्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवा, अशी तजवीज करून १९५१-५२ ची निवडणूक पार पडली. मला ही तजवीज मोठी विद्वत्तेची वाटते. माणसाला अटीत बसवण्याऐवजी सरकारनं आपली पेटी बदलली. मुक्त विद्यापीठानं पुढं शिक्षणात हेच केलं. विद्यार्थ्याला वर्गात आणता येत नाही ना, मग पुस्तकच बदला.

इतकं सगळं झाल्यावर अट परत आली. हरियाणानं २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती त्याच वर्षी मान्य केली. महाराष्ट्रात २०१७ साली थेट सरपंच निवडीचा कायदा आला, तेव्हा १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट लागली. सातवी म्हणजे काय मोठं, असं पुष्कळजण म्हणाले. मीही शिक्षणाचा वैरी नाही, दुकानाच्या मागच्या खोलीत सहा-सात वर्षं काढली ती त्यासाठीच. पण औंधच्या अटीबरोबर अक्षरओळखीची मोहीम होती. या अटीबरोबर काय आलं? ज्याची शाळा सुटली त्याच्याकडं पुन्हा कोण गेलं?

आमच्या खटाव-माणमधली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी मुलुखभर पांगलेली असतात. आईबापांबरोबर आज या प्रांतात, उद्या त्या प्रांतात राहिलेल्या, सहावीतच शाळा सुटलेल्या मुली आता तिशीला आल्या आहेत. अशा एखादीला उद्या आमदार होता येईल, खासदार होता येईल, त्याला शिक्षणाची काही अट नाही. आपल्या गावची सरपंच मात्र तिला होता येणार नाही.