ड्युकोपासून क्लिअर कोटपर्यंत : गाडीचा रंग आणि एक बादली पाणी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास इतर सभासद लिहीतच आहेत. ताबा कधी मिळाला, लिफ्ट कधी बसली, पहिला गणपती कोणी बसवला, हे सगळं त्यांच्या लेखांतून येईल. मी जरा वेगळा विषय घेतला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आवारात मोजून चार मोटारी होत्या, बाकी सगळ्या स्कूटरी. आज गाड्यांना जागा पुरत नाही. सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या खालोखाल वाद कशावर होत असेल, तर तो गाड्या धुण्यावर. पाइप लावायचा की नाही, पाणी किती वापरायचं, आणि अलीकडे ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "गाडी धुणारा ओरखडे पाडतो." या तक्रारीचा निवाडा करायचा, तर गाडीच्या रंगाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

वंगण आणि व्हार्निश

पनवेलचं आणि गाड्यांचं नातं मोटारीच्या आधीचं आहे. एके काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून घाटाकडे जायचा. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला आणि पनवेलमार्गे वाहतूक वाढली. बैलगाडीची चाकं बनवणं हा तर पनवेलचा नावाजलेला धंदा होता. त्या काळी गाडीची निगा म्हणजे आसाला वंगण आणि लाकडाला तेल, इतकंच. रंग, चकाकी या गोष्टी श्रीमंतांच्या बग्ग्यांसाठी. त्यांना रंगावर व्हार्निशचे हात देत. व्हार्निश म्हणजे जवसाचं तेल आणि राळ. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा हात. एक बग्गी रंगवून पुरी व्हायला काही आठवडे लागत.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्या पहिल्या मालकांमध्ये जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. यंत्र नवं होतं, पण रंग बग्गीचाच. तोच ब्रश, तेच व्हार्निश. ते उन्हात पिवळं पडे, तडकत जाई आणि वरचेवर नवा हात द्यावा लागे. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊ होता. हजारो गाड्या रोज बाहेर काढायच्या, तर रंग वाळायची वाट बघत बसून कसं चालेल?

ड्युको आला

ही अडचण सुटली १९२३-२४ मध्ये. ड्युपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून एक रंग तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं ड्युको. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूत जो पदार्थ असतो, त्याच घराण्यातला हा रंग. जनरल मोटर्सने तो आधी आपल्या ओकलंड गाडीवर वापरला. ब्रश गेला, फवारा आला. जिथे आठवडे लागत तिथे काम तासांवर आलं, आणि निळ्या, हिरव्या, लाल गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या.

ड्युको हे नाव आपल्याकडे इतकं रुजलं, की आजही सुतार कपाटाला "ड्युको करू का?" असं विचारतो. त्याला ड्युपॉन्ट माहीत नसतो, पण शब्द पक्का ठाऊक असतो.

या रंगाचा एक स्वभाव होता, आणि आपल्या आजच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. ड्युको फवारल्यावर निस्तेज दिसायचा. घासून पॉलिश केल्याशिवाय त्याला चकाकी येतच नसे. पुढे उन्हाने वरचा थर मरायचा, पांढरट भुकटीसारखा व्हायचा. मग रबिंग कंपाऊंड लावून तो मेलेला थर काढून टाकायचा की खालचा ताजा रंग वर यायचा. म्हणजे घासणं हीच निगा. रंगाचे थर भरपूर जाड दिलेले असत, त्यामुळे ते चालूनही जाई.

मुंबई परिसरात रंगाचा धंदाही याच काळात उभा राहिला. १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स निघाली. तीच पुढे गुडलास नेरोलॅक आणि आता कन्साई नेरोलॅक. १९४२ मध्ये मुंबईतच एशियन पेंट्स सुरू झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिथली फियाट पुढे, १९७४ पासून, पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

तो पद्मिनीवाला आठवून बघा. हातात पिवळं फडकं, सिग्नलला गाडी थांबली की काच आणि बॉनेट पुसणार. खंडेनवमी-दसऱ्याच्या आधी तर गाडीची आंघोळच. साबणाचं पाणी, मग रबिंग, मग वॅक्सपोलची डबी. काळ्या गाडीवर फडकं काळं व्हायचं, पिवळ्यावर पिवळं. आपण गाडीचा रंग पुसून काढतोय हे फडकंच सांगायचं. ज्याला कळायचं तो तिथेच हात आवरता घ्यायचा.

आता फडकं पांढरंच राहतं

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या. १९९८ च्या अखेरीस टेल्कोची पुण्याची इंडिका आली. बँकांनी वाहनकर्जाचे दरवाजे उघडले आणि नोकरदार माणूस हप्त्यावर गाडी घेऊ लागला. आमच्या बँकेत तेव्हा या कर्जांचे अर्ज ढिगाने यायचे. गाडी हेच तारण, त्यामुळे जुन्या गाडीच्या कर्जात रंग बारकाईने बघावा लागे. दारावर टिचकी मारली आणि आवाज बद्द आला, की खाली लांबी भरली आहे हे समजायचं.

याच काळात गाडीच्या रंगाची रचना बदलली. आजच्या गाडीवर पत्र्याला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर आपल्या गाडीचं संरक्षण केसापेक्षाही पातळ आहे. ऊन अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो संपला की रंग फिका पडतो आणि पापुद्रे निघू लागतात. छतावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडलेल्या गाड्या आपण बघतो, त्या बहुधा अशाच.

आणि इथे फसगत होते. क्लिअर कोट पारदर्शक असल्यामुळे कितीही घासलं तरी फडकं पांढरंच राहतं. काही निघत नाहीये असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी थर झिजतो. मशीनने एकदा पॉलिश केलं की काही मायक्रॉन गेलेच. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर हे असं खातं आहे ज्यात पैसे भरता येत नाहीत, फक्त काढता येतात. ड्युकोच्या जमान्यातलं "दर दसऱ्याला रबिंग" आज केलं, तर खातं लवकर रिकामं होणार.

कळंबोलीचा लोखंडी पाऊस

त्यात आपण राहतो कळंबोलीत. मुंबईतला लोखंडाचा घाऊक व्यापार बाहेर काढण्यासाठी सिडकोने इथे पोलाद बाजार वसवला. पलीकडे तळोज्याची एमआयडीसी, शेजारी रेल्वेचा मालधक्का, समोर शीव-पनवेल महामार्ग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही इथूनच सुरू होतो. २००० पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि २००२ मध्ये पूर्ण झाला. दिवसरात्र ट्रेलर चालतात. लोखंड कापताना उडणारे कण, ब्रेक झिजून उडणारी पूड, रुळांची धूळ, हे सगळं आपल्या गाड्यांवर येऊन बसतं.

पांढरी गाडी पावसाळ्यानंतर उन्हात नीट बघा. टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतील. गाडी गंजली म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा गाडी गंजलेली नसते, तिच्यावर रुतलेला लोखंडाचा कण गंजलेला असतो. असे कण साबणाने जात नाहीत. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून हात फिरवा, बारीक वाळूसारखी खरखर लागेल.

यावर इलाज जपानमधून आला. तादाओ कोदाते या जपानी संशोधकाला अशा लवचिक घासणीसाठी १९९० च्या दशकात अमेरिकेत पेटंट मिळालं. तोच आजचा क्ले बार. नाव क्ले असलं, तरी ती आपल्या गणपतीची शाडू नव्हे. ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या द्रव्यात अत्यंत बारीक घासणारी भुकटी मळलेली असते. गाडी आधी स्वच्छ धुवायची, पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या द्रावणाने निसरडा ठेवायचा आणि हलक्या हाताने क्ले फिरवायचा. वर डोकं काढून बसलेले कण तो खेचून घेतो. क्ले मळत राहायचा, म्हणजे स्वच्छ बाजू वर येते. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा, कारण त्याला चिकटलेली रेती गाडीवर रेघा ओढते. कोरड्या गाडीवर तर क्ले लावायचाच नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, पुरतो. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी, ही वेळ आपल्याकडे उत्तम.

क्लेनंतर वॅक्सचा हात द्यायचा. पॉलिश आणि वॅक्स हे एकच समजू नका. पॉलिश घासून थर कमी करतं, वॅक्स वर पातळ कवच देतं. उत्तम वॅक्स ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांवरून निघतं. पॉलिश रेघा खूप दिसू लागल्या तरच करायचं, वॅक्स मात्र दर दोन-तीन महिन्यांनी दिलं तरी चालेल. भांडी घासायचा साबण गाडीला लावला की ते वॅक्स धुऊन जातं, म्हणून गाडीचा शाम्पू वेगळा ठेवावा. पूजेची हळद आणि ओल्या झेंडूचा हार बॉनेटवर दिवसभर राहू देऊ नये. हाराची तार तर अजिबात नको.

एक बादली, आठ गाड्या

आता मूळ तक्रारीकडे येतो. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल बारीक रेघा दिसतात, त्या कशाने पडतात? धुळीने नव्हे. धूळ फडक्याखाली धरून घासल्याने पडतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कळंबोलीत आपण हे बघितलं आहे. पाणी ओसरलं, गाळ वाळला आणि घाईघाईने लोकांनी कोरड्या फडक्याने गाड्या पुसल्या. पुरातून वाचलेला रंग त्या पुसण्यात गेला.

आज तेच रोज थोडंथोडं होतं. आपल्याकडे पहाटे येणारा मुलगा एका बादलीत आठ गाड्या पुसतो. तिसऱ्या गाडीपासून बादलीत पाण्यापेक्षा गाळ जास्त असतो, आणि त्यात लोखंडाची पूड असते. पण एक बादली हा नियम कोणाचा? पाण्याचे टँकर आणावे लागले त्या उन्हाळ्यात समितीनेच तो केला, आणि तेव्हा तो बरोबरच होता. मुलगा आपला नियम पाळतो आणि रेघांचा दोष त्याच्या माथी येतो, हे मला योग्य वाटत नाही. दोन घरांनी तर त्याचे महिन्याचे पैसेही कापले.

हिशोब करून बघू. १५ लिटरची एक बादली रोज, म्हणजे आठ गाड्यांना आठवड्याला १०५ लिटर. त्याऐवजी रोजचं पुसणं बंद करून प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदाच, पण दोन बादल्यांनी धुतली, तर २४० लिटर. फरक १३५ लिटरचा. साध्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जातं. म्हणजे एका सभासदाने एका गाडीवर दहा-बारा मिनिटं पाइप धरला, की आठ गाड्यांचा हा फरक खर्च झाला. पाइप बंद, पण बादल्या दोन, हे आपल्याला सहज परवडतं.

दोन बादल्या कशाला, तर एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी पाणी ओतून सुटी धूळ उतरवायची. मग छतापासून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असावं. पुसायला मायक्रोफायबर, जुना बनियन नको. यात महागडं काही नाही.

व्यवस्थापन समितीला माझी विनंती आहे, की बोअरवेलच्या लाइनवरून पार्किंगमध्ये एक नळ द्यावा, चार बादल्या आणि मायक्रोफायबरची फडकी सोसायटीच्या खर्चाने घ्यावीत, आणि त्या मुलाला ही पद्धत कोणीतरी एकदा शेजारी उभं राहून दाखवावी. दाखवायला मी येईन. कापलेले पैसे ज्यांनी कापले त्यांनी द्यावेत, एवढं सभेच्या विषयपत्रिकेवर यायची गरज पडू नये.