तबकडीचं वय

मी इतिहासाचा मास्तर. 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला, पण एवढ्या काळात इतिहासातला उपयोगी प्रश्न मला एकदाही कुणी विचारला नाही. पानिपतची लढाई 1761 साली झाली हे सांगून कुणाच्या घरची चूल पेटत नाही. आणि आपल्या परभणीवरचं निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, असं छाती फुगवून सांगावं, तर मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, त्या दिशी सुट्टी असती का?"

म्हणून परवाच्या फाल्गुनात माझ्या पुतण्यानं जेव्हा विचारलं, "काका, ही तबकडी नवी असली की डावीकडं जाती, अन् जुनी झाली की उजवीकडं वळती. हिचा काय इतिहास हाय?" तेव्हा मला अगदी भरून आलं. निवृत्तीनंतर का होईना, गिऱ्हाईक मिळालं.

पुतण्या अमेरिकेत असतो. चार वर्षांनी गावी आला. बॅग उघडली तेव्हा वहिनींनी बदाम-पिस्ते निघतील या आशेनं सूप पुढं धरलं होतं. निघाल्या सहा प्लॅस्टिकच्या थाळ्या. त्याही धड थाळ्या नव्हेत, काठ बाहेरून पातेल्यासारखे निमुळते. "ताटल्या तिकडून कशाला आणल्या रे? इथं स्टील मिळत नाही का?" असं म्हणून वहिनींनी त्यातली एक उचलली आणि दुधाच्या पातेल्यावर झाकली. बरोबर बसली. मग ती काही परत मिळाली नाही.

वहिनींना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी इतिहासाचं चक्र पूर्ण फिरवलं होतं. कारण ही तबकडी मुळात झाकणच होती. 1937 साली फ्रेड मॉरिसन नावाचा कॅलिफोर्नियातला पोरगा आणि त्याची होणारी बायको लाह्यांच्या डब्याचं झाकण एकमेकांकडं फेकत बसले होते. लग्न ठरलेली माणसं काहीही करतात. झाकणाला पोचे पडले तेव्हा त्यांनी केक भाजायचं पत्र्याचं ताट घेतलं. समुद्रावर एका गृहस्थानं ते पाहिलं आणि पाच सेंटांच्या ताटाला पंचवीस सेंट देऊ केले. मॉरिसनला तिथंच धंदा सापडला. देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी, फ्रिस्बी नावाच्या माणसानं 1871 साली बेकरी घेतली होती. त्याच्या पायचे रिकामे टिन तिकडची कॉलेजची पोरं फेकायची. फ्रिस्बी हे नाव आलं ते तिथून.

पुढं महायुद्ध आलं. मॉरिसन लढाऊ विमान चालवायला इटलीवर गेला, पाडला गेला आणि जर्मनांच्या कैदेत पडला. इथं माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, जरा सावरून बसले. जर्मनीचं नाव निघालं की परभणीकर सावरून बसतोच. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. कुणी म्हटलं आणि का म्हटलं, हे विचारायची आमच्याकडं पद्धत नाही.

मॉरिसन सुटून आला आणि त्यानं प्लॅस्टिकची तबकडी केली. 1955 साली तिचा सुधारलेला घाट काढला. आकाशातल्या उडत्या तबकड्यांची तेव्हा चर्चा होती, म्हणून तिला प्लूटो प्लॅटर असं ग्रहाचं नाव दिलं. 1957 च्या जानेवारीत व्हॅम-ओ नावाच्या कंपनीनं ती घेतली आणि त्याच वर्षी तिचं फ्रिस्बी केलं. ही कंपनी 1948 साली निघालेली, म्हणजे आम्ही निजामातून सुटलो त्याच वर्षी. तिचा पहिला माल कोणता? गलोल! नेम लागल्यावर जो आवाज होतो, त्यावरून कंपनीचं नाव ठेवलेलं.

"म्हंजे आपल्याच धंद्यातले की!" दादा म्हणाले.

दादांचा धंदा गोफणीचा. म्हणजे शेतीचा, पण आमच्याकडं ज्वारी निसवली की शेतकरी माळ्यावर चढतो आणि महिना-दोन महिने त्याचं सगळं शिक्षण गोफणीत जमा होतं. दादांची गोफण पंचक्रोशीत नावाजलेली. त्यांनी भिरकावलेला खडा पाखराला लागायचा नाही, पाखराच्या कानाजवळून जायचा. "मारायचं नस्तं, सांगायचं अस्तं," हे त्यांचं तत्त्व. मी शाळेत उलटं करायचो. त्यामुळं दादांच्या शेतातली पाखरं सुधारली आणि माझे विद्यार्थी आहेत तसेच राहिले.

पण आता दादा पंचाहत्तरीत आले आहेत. उजवा खांदा आखडलाय, हात कानाच्या वर जात नाही. पुतण्या तबकड्या फेकायला आला नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आठ एकर बटईनं द्यावी आणि आबा-आईंनी पुण्याच्या फ्लॅटात राहायला जावं, हे बोलायला तो आला होता. ते बोलायचं धाडस होत नव्हतं, म्हणून तो तीन दिवस तबकड्यांवर बोलत होता आणि आम्हीही त्याला बोलू देत होतो.

चौथ्या दिवशी आम्ही शेतात गेलो. ज्वारी काढून झाली होती. रानात नुसती धसकटं. पुतण्यानं तीन तबकड्या बाहेर काढल्या: एकाच घाटाच्या, एकाच प्लॅस्टिकच्या, तिन्ही 175 ग्रॅमच्या. एक कोरी, एक दोन वर्षं वापरलेली, आणि एक सात वर्षं झाडांवर, दगडांवर आपटून काठ बोथट झालेली. या तबकड्या फ्रिस्बीसारख्या दोघांत झेलायच्या नसतात. लांबवर असलेल्या साखळ्यांच्या टोपलीत कमीत कमी फेकींत टाकायच्या. म्हणजे गोल्फ, फक्त काठी आणि पैसा वगळून. हा खेळ रुळवला एड हेड्रिक यांनी. त्यांनी फ्रिस्बीच्या पाठीवर कंगोरे आणून तिचं उडणं सरळ केलं, त्याचं पेटंट 1967 चं. 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात पहिलं कायमचं मैदान झालं, 1976 साली संघटना. 1983 साली डेव्ह ड्युनिपेस यांनी काठ पात्यासारखा निमुळता केला आणि तबकडी एकदम लांब जाऊ लागली. हे हेड्रिक 2002 साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या केल्या.

"गंगाखेडला न्यायची सोय नसंल तिकडं," दादा कळवळून म्हणाले.

अंतर मोजायला मी मोजणीची 33 फुटी साखळी मागून आणली होती. पुतण्यानं कोरी तबकडी घेतली, ताट भिरकावावं तशी डाव्या बाजूनं हात आणून सोडली. सण्णकन गेली आणि शेवटी वेग संपता संपता डावीकडं अशी कलली की थेट शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. आठ साखळ्या. दोन वर्षांची आधी किंचित उजवीकडं झुकली, मग परत डावीकडं आली, नऊ साखळ्या. सात वर्षांची तेवढ्याच जोरानं फेकली तर उजवीकडं वळली ती वळलीच, बांध ओलांडून बाभळीत. पण तीच त्यानं जरा हळू, डावा काठ खाली ठेवून फेकली, तेव्हा ती सावकाश सरळ झाली आणि तरंगत, तरंगत दहा साखळ्यांवर उतरली.

"बघितलं का? कामून असं?"

आता हे मला सांगता येईल तेवढं सांगतो. भोवरा सगळ्यांनी फिरवलाय. फिरत्या भोवऱ्याला पुढून ढकललं तर तो मागं पडत नाही, बाजूला कलतो. उजव्या हाताची ही फेक वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. वेगात असताना वारा तिचा पुढचा काठ खाली दाबू बघतो, पण ती फिरती असल्यामुळं दाबल्याचा परिणाम बाजूला दिसतो आणि ती उजवीकडं झुकते. वेग कमी झाला की वारा पुढचा काठ वर उचलतो, मग ती डावीकडं कलते. नव्या तबकडीत ही दुसरी खोड जबर. आपटून आपटून काठ बोथट होतो, त्याची धार खाली उतरते, मग पहिली खोड वाढते आणि दुसरी मावळते. वजन तेच, हात तोच. फक्त काठ जगलेला.

हे ऐकून मला आमच्या शाळेचा चेंडू आठवला. शाळेत चामड्याचा चेंडू एकच आणि तो तीन-तीन वर्षं चालायचा. नव्यात जिकडं वळायचा त्याच्या उलट तो शेवटी वळायला लागला, तेव्हा आम्ही "चेंडू सडला" म्हणून तो कुत्र्यांना हाकलायला ठेवून दिला. पुढं पाकिस्तानच्या सर्फराज नवाजनं तेच कसब इम्रान खानला दिलं, त्याच्याकडून ते वसीम अक्रमकडं गेलं आणि 1992 च्या मेलबर्नमधल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अक्रमनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर लॅम्ब आणि लुईस यांच्या दांड्या उडवल्या. जग त्याला रिव्हर्स स्विंग म्हणालं. आमच्याकडं तो कुत्र्यांना हाकलत होता.

मग मी एक तबकडी फेकून पाहिली. ती सरळ वर गेली आणि माझ्या पाठीमागं पडली. इतिहासाच्या मास्तरानं फेकलेली वस्तू आणखी कुठं जाणार?

"आण हिकडं," दादा म्हणाले.

"आबा, खांदा—"

"खांदा वर न्यायचाच नाही ना? बघितलं मी. हे छातीजवळून हाय."

त्यांनी आधी कोरी घेतली. दोन साखळ्या जाऊन ती डावीकडं आपटली. पुतण्या म्हणाला, "आबा, नव्या तबकडीला जोर लागतो. कमी जोराची फेक ती मानत नाही." मग दादांनी सात वर्षांची घेतली. काठावरून बोट फिरवलं, गोफणीत घालायचा खडा निवडताना फिरवायचे तसं. आणि सोडली. ती धसकटांच्या हातभर वरून, न डगमगता, सरळ रेषेत गेली. मी साखळी टाकली, साडेचार भरल्या.

जगातला विक्रम 338 मीटरचा आहे, 2016 साली अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साथीनं केलेला. आमच्या साखळीनं साडेतेहतीस. पण त्या दिवशी आमच्या रानात तो विक्रम कुणाला आठवला नाही.

दादा बराच वेळ तबकडी पडली तिकडं बघत होते. मग पुतण्याकडं न बघताच म्हणाले, "वरची सहा एकर दे बटईनं. हिरीजवळची दोन माझ्याकडं राहू दे. तेवढी माझ्या हातानं जाती अजून."

पुतण्या काही बोलला नाही. तो तबकडी आणायला पळाला आणि चांगला पाच मिनिटं परत आला नाही. धसकटात तबकडी शोधायला एवढा वेळ लागत नाही. तीही लाल रंगाची.

जाताना तो सात वर्षांची तबकडी इथंच ठेवून गेला. ती आता विहिरीजवळच्या माळ्यावर गोफणीशेजारी टांगलेली असते. गोफण जमत नाही, म्हणून दादा यंदा पाखरांवर तबकडी सोडणार म्हणतात. पाखरं उडतील की हसतील, हे सुगीत कळेलच.

कोरी तबकडी मात्र दुधावरच आहे. मी एकदा वहिनींना म्हटलं, "वहिनी, ही लई भारी वस्तू हाय. अमेरिकेत हिला मैदानं असतात."

"असू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "इथं तिला मांजर हाय."