एआय सहायक ‘अपडेट’ होतो म्हणजे नेमके काय होते?

प्रतिनिधी, सोलापूर

पंधराशे रुपये किमतीच्या चादरीवर वस्तू व सेवा कर किती, असा प्रश्न चाटी गल्लीतील एखाद्या दुकानदाराने मोबाइलमधील एआय सहायकाला विचारला, तर उत्तर १२ टक्के येईल की ५ टक्के, हे त्या सहायकाजवळची माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे यावर अवलंबून असते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हजार रुपयांवरील नगाला १२ टक्के कर होता. त्या दिवसापासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर लागू झाला. सहायक मात्र जुना दरही तितक्याच ठामपणे सांगू शकतो. चुकीच्या दराने निघालेल्या बिलाचा जाब शेवटी दुकानदारालाच द्यावा लागतो.

‘अपडेट’ हा शब्द आता घराघरांत रुळला असला, तरी एआय सहायकांच्या बाबतीत त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. प्ले स्टोअरवरून आपण जे उतरवून घेतो, ते केवळ अ‍ॅपचे नवे रूप असते. बटणांची जागा, आवाजाची सोय, सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्ती एवढाच त्याचा आवाका. उत्तर तयार करणारे मूळ ‘मॉडेल’ कंपनीच्या दूरच्या संगणकांवर चालते. ते बदलले गेले तर आपल्या मोबाइलवर काहीही उतरवले जात नाही, बहुधा परवानगीही मागितली जात नाही. रात्री एक सहायक वापरून झोपावे आणि सकाळी त्याच नावाचा दुसराच समोर यावा, असा हा प्रकार आहे.

माहितीच्या मर्यादेचे उदाहरण सोलापूरकरांच्या अगदी जवळचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा त्याची माहिती सप्टेंबर २०२१ पर्यंतची होती. मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेस १० फेब्रुवारी २०२३ रोजी धावू लागली, तेव्हा या गाडीचा त्याला पत्ताच असणे शक्य नव्हते. होटगी रस्त्यावरील विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. त्याआधीच्या माहितीवर घडवलेले मॉडेल ‘सोलापुरातून नियमित विमानसेवा नाही’ असेच सांगणार. आता अनेक सहायक इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात हे खरे. पण प्रत्येक प्रश्नासाठी ते शोध घेतातच असे नाही. ‘तुझी माहिती कधीपर्यंतची?’ असे विचारून समाधान मानावे, तर त्या प्रश्नाचे उत्तरही चुकू शकते! त्यापेक्षा ‘शोध घेऊन दुव्यासह सांग’ अशी सूचना द्यावी आणि तो दुवा स्वतः उघडून पाहावा. कर, औषधाची मात्रा, परीक्षेच्या तारखा याबाबत तर हा नियमच समजावा.

नवे ते प्रत्येक बाबतीत सरस, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. स्टॅनफर्ड व बर्कली येथील संशोधकांनी २०२३ मध्ये जीपीटी-४ ची मार्च व जून महिन्यांतील रूपे पडताळून पाहिली. एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ओळखण्यातील अचूकता ८४ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आलेली आढळली. मॉडेलची बुद्धी घटली की केवळ उत्तर देण्याची सवय बदलली, यावर नंतर बराच वाद झाला. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम एकच. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने केलेल्या एका बदलानंतर चॅटजीपीटी वापरकर्त्यांच्या कोणत्याही म्हणण्याला मान डोलावू लागले, त्यांची अवाजवी स्तुती करू लागले. कंपनीला काही दिवसांतच तो बदल मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जीपीटी-५ आले आणि जुने जीपीटी-४ओ यादीतून नाहीसे झाले. सवयीचे मॉडेल गेल्याची तक्रार इतकी झाली, की पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी ते परत आणण्यात आले. फुकट वापरणाऱ्यांना ती निवड मिळाली नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र या बदलांनी आपल्या शहराला लाभच दिला आहे. गुगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागले. जून २०२४ मध्ये जेमिनी अ‍ॅप भारतात आले ते नऊ भारतीय भाषा घेऊन, आणि सोलापूरच्या पेठांमध्ये कानी पडणाऱ्या मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषा त्यांत होत्या. यंत्रमागावर काम करणाऱ्या तेलुगू भाषक कामगाराला घरच्या भाषेत प्रश्न विचारता यावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु असिस्टंटची जागा जेमिनीने घेण्याची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा काही जुन्या सोयी नव्यात लगेच नव्हत्या. ज्येष्ठ नागरिक किंवा दृष्टिहीन व्यक्ती पाठ असलेल्या आज्ञांवर विसंबून फोन चालवतात. त्यांच्या दृष्टीने एक आज्ञा बंद पडणे म्हणजे एक दार बंद होणे. घरातील तरुणांनी अशा बदलानंतर फोन लावणे, गजर लावणे या नेहमीच्या आज्ञा एकदा तपासून द्याव्यात.

सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते अटींकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘क्लॉड’च्या वैयक्तिक ग्राहकांच्या अटी बदलल्या. ग्राहकाने नकार न दिल्यास त्याची संभाषणे नवे मॉडेल शिकवण्यासाठी वापरता येतील, अशी तरतूद त्यात आली. मान्यतेची कळ आधीपासूनच ‘चालू’ होती. ‘स्वीकारा’ हे मोठे बटण घाईत दाबणाऱ्यांची संमती तेथेच नोंदली गेली. मोठ्या बदलानंतर सेटिंगमधील गोपनीयतेचा विभाग उघडून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, रुग्णाचे अहवाल सहायकाला न देणेच इष्ट.

कधी कधी अपडेट न होताही सहायक हातचा जातो. व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या व्यावसायिक सेवेचे नियम बदलल्याने चॅटजीपीटीचा तेथील क्रमांक १५ जानेवारी २०२६ पासून बंद झाला. ओपनएआयचे खाते जोडून जुनी संभाषणे जपण्याची मुभा तोवर होती. मुदतीत खाते न जोडणाऱ्यांना आधीचे हिशेब आणि मसुदे नव्या अ‍ॅपमध्ये सापडले नाहीत.