साष्टीचा किनारा आणि छायाचित्रांची साक्ष

वेसावे, मढ, गोराई या साष्टीच्या किनाऱ्याचा इतिहास जुळविताना जुनी छायाचित्रे निर्विवाद पुरावा मानण्याचा मोह होतो. परंतु विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या, मुंबईतील जातीजमातींवरील खंडांत कित्येक चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एकीकडे टिपलेली, पाठीमागचे दृश्य दुसरीकडचे. त्यांवरून पेहराव (तोही सजविलेला नसेल तर) अभ्यासावा, स्थळ ठरवू नये. शिवाय तत्कालीन ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशास फार संवेदनशील असल्याने आकाश बहुधा कोरे उमटे, आणि प्रकाशनकाळ लांबल्यास लाटा पुसल्या जात. तेव्हा चित्रातील शांत समुद्र हा ऋतूचा पुरावा नव्हे. पुढे पँक्रोमॅटिक फिल्मवर ढग उमटू लागले. तेथे स्थळकाळाची नोंद समकालीन की मागाहून केलेली, हे तपासावे लागते.